जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट: जपायच्या, विकायच्या की डिजिटल फायली करून मोकळं व्हायचं?

बर्डीकर
२०२२ मध्ये अमेरिकेत 'बॅक टू द फ्युचर'ची सीलबंद कॅसेट ७५ हजार डॉलरला गेली. ती त्याच सिनेमातल्या नटाकडची प्रत होती, हे मात्र कोणी सांगत नाही. नागपूरच्या इतवारीत भाड्याने फिरून झिजलेल्या कॅसेटला कोण काय देणार? मोल फक्त घरच्या लग्न-मुंजीच्या रेकॉर्डिंगला. फाइल करा, प्लास्टिक भंगारात द्या.

उभी_रिळं
भंगारात कशाला, भाऊ? टेपची फाइल करणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर डबीवर फ्रेम गळतात, चित्र वरच्या कडेला वाकतं, आवाज मागेपुढे होतो. टेपचा सिग्नल डगमगतो, म्हणून मध्ये तो स्थिर करणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, लागतो. फाइल बिघडलेली निघाली तर मूळ टेप कुठून आणणार?

बर्डीकर
अन् बुरशी लागलेल्यांचं काय? त्याही सांभाळायच्या?

हेडवाला
आधी तपासा. कॅसेटच्या बाजूचं बारीक बटण दाबून फ्लॅप उचला. टेपची खालची कड चुरगळली असेल तर कंट्रोल ट्रॅक (मशीनला टेपचा वेग जुळवायला लागणाऱ्या खुणांची पट्टी) गेला, चित्र ठरत नाही. वरची कड गेली तर आवाज जातो. खिडकीतून रिळावर पांढरे ठिपके दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका. बुरशी हेडला (मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते, मग पुढची चांगली कॅसेटही नासते. चित्रावर नुसते ठिपके, आवाज मात्र नीट, असं झालं तर बहुतेक हेड चोंदलंय; साधा आवाज वेगळं, स्थिर हेड वाचतं. लोक इथेच 'टेप गेली' म्हणून फेकतात!
हेड साफ करताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, शामोआ (मऊ) चामडं. चामडं जागेवर धरा, ड्रम (हेड बसवलेला फिरता गोल भाग) हाताने फिरवा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटलंच. कापसाचे बोळे नकोत, धागे अडकतात.

उभी_रिळं
नागपुरात मेच्या उन्हाइतकीच कूलरची ओल वाईट. कूलरच्या खोलीत कॅसेट ठेवूच नका. पूर्ण रिवाइंड करून, उभ्या ठेवा.

बर्डीकर
जपा बाप्पा, पण लावणार कशावर? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्येच व्हीसीआर बनवणं बंद केलं. टेप ओढणारा रबरी पिंच रोलर कडक होतो, बेल्ट सैल पडतो, सुटे भाग मिळता मिळत नाहीत. पैसा घालायचाच तर चालू मशीनमध्ये घाला.

हेडवाला
हे पटलं. मात्र विकत घेणाऱ्यांनो, ऑनलाइन मागितलेला भाव बघू नका, विकल्या गेलेल्याचा बघा. सीलही पुन्हा मारलेलं असतं. परदेशी बऱ्याच कॅसेटच्या वेष्टनावर स्टुडिओची छापील खूण असते, ती शोधा. आणि अमेरिकेतली एनटीएससी (तिकडची व्हिडिओ पद्धत) कॅसेट फक्त पाल (आपल्याकडची पद्धत) चालवणाऱ्या मशीनवर धड दिसणार नाही, तेव्हा खराब म्हणून परत पाठवू नका.