तीन जुने बचावपटू बाहेर पडले: सहा आठवड्यांत कॉलेज कबड्डी संघाचा बचाव कसा उभा करावा?

मरीनलाइन्स_मॅट

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका कॉलेजच्या मुलांच्या संघासाठी सल्ला हवा आहे. गेल्या मोसमातले डावा कोपरा, उजवा कोपरा आणि उजवा कव्हर हे तिघेही टीवाय संपवून बाहेर पडले (कोपरा म्हणजे टोकाचा बचावपटू, त्याच्या आत इन, मग कव्हर आणि मधोमध सेंटर). बचावात अनुभवी असा एकच गडी उरला, तो डावा कव्हर. चढाईची काळजी नाही, दोन्ही मुख्य चढाईपटू यंदाही आहेत.

हाताशी असलेली मुलं अशी:

क – एसवाय, 5 फूट 6 इंच, 68 किलो. हाताची पकड जबरदस्त, पण घाई करतो. चढाईपटू आत यायच्या आधीच झेपावतो.
ख – एफवाय, मातीवर तयार झालेला, डाव्या बाजूने घोटा छान धरतो. मॅटवर पाय सटकतात. विरारहून येतो.
ग – 5 फूट 11 इंच, 80 किलो, आतापर्यंत राइट इन खेळला. अंगात ताकद आहे, खाली वाकत नाही.
घ – तिसरा चढाईपटू. चपळ आहे, पण बचावात त्याच्यावर कधी भार पडलेला नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला सहा आठवडे आहेत. आठवड्याला चार सकाळी, साडेसहा ते आठ. त्यातले दोन दिवस मॅट मिळते, दोन दिवस मैदान, तेही पावसाने साथ दिली तर. कोणाला कुठे उभं करावं आणि सरावात आधी काय घ्यावं?

डावा_कोपरा_लालबाग

तीन गडी गेले म्हणताय, पण खरं नुकसान दोन जोड्यांचं आहे. कोपरा आणि त्याच्या बाजूचा कव्हर यांच्यात कोण आधी जाणार, कोण वाट अडवणार हे न बोलता ठरलेलं असतं, आणि ते तुमच्याकडे आता दोन्ही बाजूंना शून्य आहे. प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबाचं उदाहरण आठवा. पहिले तिन्ही मोसम अंतिम सामना, 2015 ला विजेतेपद, तेव्हा डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि उजव्यात मोहित छिल्लर. 2016 च्या चौथ्या मोसमात दोघे बंगळुरूकडे गेले आणि मुंबईला उपांत्य फेरीही गाठता आली नाही. कारणं आणखीही असतील, पण पुढच्याच वर्षी हरियाणाने दोघांनाही घेतलं, यावरून संघवाले जोडीची किंमत कशी करतात ते कळतं.

माझी मांडणी अशी. ख डाव्या कोपऱ्यात, म्हणजे सर्वांत नवा मुलगा तुमच्या एकमेव अनुभवी कव्हरच्या शेजारी. ग उजवा कव्हर. क उजवा कोपरा. घ ला लेफ्ट इन ठेवा, त्याने कोपऱ्याचा हात धरून साखळीत राहायचं आणि पहिली पकड करायला जायचं नाही. दोन्ही मुख्य चढाईपटू सेंटर आणि राइट इन. उभं राहणं नेहमीचंच, 2-3-2: कोपरा-इन एकत्र, मधले तिघे एकत्र.

आता क च्या घाईबद्दल, कारण सगळ्यात जास्त गुण तिथेच जाणार आहेत. त्याला मैदानाची मापं पाठ करायला लावा. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा आणि तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत फक्त 1.75 मीटर. उंच चढाईपटू आडवा पडून हात ताणतो तेव्हा सव्वादोन मीटर तरी गाठतो. म्हणजे निदान रेषेवर धरलेला गडी जेमतेम दीड मीटर घसरला की मध्यरेषेला बोट लागलंच. तोच गडी बोनस रेषेवर धरला तर त्याला अडीच मीटर ओढत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात दुसरा, तिसरा माणूस पोचतो. शिवाय निदान रेषा ओलांडल्याशिवाय आणि कोणाला स्पर्श न करता परतला तर चढाईपटू स्वतःच बाद होतो. तो आत येणारच आहे. त्याला यायला द्या.

घाई मोडायला पहिले दोन आठवडे हात मागे बांधून बचाव घ्या. चढाईपटूने पूर्ण 30 सेकंद चढाई करायची, बचाव करणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे धरून फक्त पायांनी अंतर राखायचं. स्पर्श झाला की तोच गडी पुन्हा. दररोज प्रत्येकी आठ-दहा चढाया. पकड बंद असली की नजर आपोआप चढाईपटूच्या खांद्यावरून त्याच्या पायांकडे जाते, आणि कोपऱ्याला बघायचं असतं ते तेच. ज्या पायावर भार आला तो पाय त्याला लगेच उचलता येत नाही, तोच धरायचा. हलका पाय धरला की लाथ मारून सोडवून घेतो.

यातली सगळ्यात सोपी संधी बोनसची आहे. बोनस मिळवायला एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी सगळं वजन तुमच्या कोपऱ्यासमोरच्या एका घोट्यावर असतं. ख ला हे एकच तंत्र रोज पंधरा वेळा करू द्या: एक हात टाचेमागे, दुसरा घोट्याच्या पुढून, खांदा नडगीला चिकटलेला, आणि पाय आपल्याकडे ओढून वर. नुसता ओढला तर चढाईपटू दुसऱ्या पायावर उडी मारत निघतो. वर उचलला की बसतो.

दुसऱ्या माणसाची चूक मात्र सगळीकडे सारखीच दिसते. कोपऱ्याने घोटा धरला की कव्हर मागून येऊन पाठीवर पडतो. त्या धक्क्याने चढाईपटू पुढेच फेकला जातो, मध्यरेषेकडे. कव्हरने आधी मध्यरेषेच्या बाजूला जाऊन समोरून छातीने वाट अडवायची. तिसऱ्याने ताणलेले हात धरायचे. ही फळी मॅटवर तिघांचीच बसवा, बाकीचे चार गडी त्या वेळी मैदानात नकोत.

ग्रँटरोड_कव्हर

बाकी पटलं, पण ग ला उजवा कव्हर करायचा तर त्याला धडक शिकवायच्या आधी वाकायला शिकवा. उंच कव्हर सरळ उभा राहून धडक मारायला गेला की चढाईपटू त्याच्या काखेखालून डुबकी मारून निघून जातो. कंबर खाली, पाय खांद्यांपेक्षा रुंद, डोकं चढाईपटूच्या बगलेबाहेर आणि खांदा त्याच्या बरगडीवर. दोन गड्यांनी कमरेच्या उंचीवर दोरी ताणून धरा आणि ग ला तिच्याखालून आडवी पावलं टाकत 8 मीटर जाऊ द्या, म्हणजे लॉबी (दोन्ही कडेच्या पट्ट्या) सोडून मैदानाची जेवढी रुंदी आहे तेवढं. चार फेऱ्यांत मांड्या भरतील, पण दुसऱ्या आठवड्यापर्यंत फरक दिसतो.

धडक मारायची वेळसुद्धा ठरवून द्या. चढाईपटू बाजूच्या रेषेकडे तोंड करून कोपऱ्याला पाय लावायला जातो तेव्हाच. मैदानाच्या मध्यभागी धडक मारली तर ढकलायला बाहेरची रेषाच जवळ नसते, आणि स्पर्शाचा गुण फुकट जातो.

एका बाबतीत मी वेगळं करीन. समोरच्या संघाचा मुख्य चढाईपटू कोणत्या बाजूने चढतो ते आधी बघा. त्याची उजवी बाजू म्हणजे तुमचा डावा कोपरा. तो डाव्या हाताने, म्हणजे तुमच्या उजव्या बाजूने खेळणारा असेल तर अनुभवी कव्हरला त्या सामन्यापुरतं उजवीकडे हलवा आणि ग ला डावीकडे घ्या. म्हणून सरावात दोघांनी दोन्ही बाजू खेळलेल्या असाव्यात. कोपरे मात्र हलवू नका, त्यांचे पाय एका बाजूचेच असतात.

शिट्टी_आणि_कार्ड

नव्या बचावाचे फुकट जाणारे गुण बहुतेक पकडीत जात नाहीत, पायांत जातात. हे चार मुद्दे मुलांकडून तोंडपाठ करून घ्या.

स्पर्श किंवा झटापट होण्याआधी लॉबीत पाय पडला की बचावपटू बाद. चढाईपटूच्या मागे बाजूला सरकताना कोपरा नेहमी इथेच फसतो. मैदानावर लॉबीची रेषा पांढऱ्या चुन्याने ठळक मारा, पुसट रेषेवर सराव केला की सवय लागत नाही.

कोपऱ्याचा मागचा पाय अंतिम रेषेच्या एक वीत आत हवा. टाच रेषेवर टेकवून उभा राहणारा मुलगा चढाईपटूने नुसती हूल दिली तरी बाहेर जातो.

पायांची कात्री घालून धरणं, तोंड दाबून दम तोडणं, केस किंवा कपडे ओढणं चालत नाही. घोटा सुटत आला की नवी मुलं चड्डी धरतात. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. सात जणांचा नवा बचाव दोन मिनिटं सहा जणांनी खेळला की जोडी मोडते आणि तिथूनच लोण (सगळा संघ बाद) चढतो.

चौथं, गडी ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने उठतात, आणि बाद असलेल्याच्या जागी बदली मिळत नाही. म्हणून प्रत्येकाची दुसरी जागा आधी ठरलेली हवी. ख बाद झाला तर डाव्या कोपऱ्यात कोण, हे सामन्यात खाणाखुणा करून ठरवायला गेलात तर चढाईपटू तोवर आत आलेला असतो.

सुपर टॅकल (तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला जादा गुण) आणि तिसरी निर्णायक चढाई (दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो) तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात आहे का, ते संघ नोंदवतानाच विचारून घ्या. त्यावर सराव बदलतो.

परळ_फिजिओ

सहा आठवड्यांत चार नव्या मुलांना पकड शिकवायची तर दुखापती टाळणं हाच अर्धा सराव समजा. पूर्ण जोराच्या पकडी फक्त मॅटच्या दिवशी, एका मुलाच्या वीस ते पंचवीस, त्याहून जास्त नाही. थकलेला मुलगा डोकं खाली घालून झेपावतो, आणि चढाईपटूचा गुडघा थेट कपाळावर बसतो. डोकं नेहमी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, नजर वर. डोक्याला मार लागून गरगरलं, उलटीसारखं झालं किंवा मुलगा गोंधळला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, डॉक्टरकडेच.

ख साठी: मातीतून मॅटवर येणाऱ्या मुलाला आधी बूट. तळ सपाट आणि रबरी हवा, जाड टाचेचे धावण्याचे बूट घोटा मुरगळतात. मॅट ओल्या फडक्याने पुसून वाळवून मगच खेळा. पावसाळ्यात हॉलमध्ये दमट हवेने मॅटवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पाय सटकायचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. कोपर आणि गुडघ्याला पॅड, नाहीतर घसटून कातडी जाते आणि मुलगा झेप घ्यायलाच कचरतो.

पकडीच्या ताकदीला जिम नसली तरी चालेल. बारवर ओला टॉवेल टाकून त्याला लोंबकळायचं, वीस सेकंद, चार वेळा, एक दिवसाआड. जवळपास दोरीचा मल्लखांब असेल तर त्याहून उत्तम. जोर-बैठका चालू ठेवा. बोटांना पट्टी दोन-दोन बोटं जोडून बांधा, करंगळी एकटी सोडू नका.

मरीनलाइन्स_मॅट

खूप उपयोग झाला, मनापासून आभार. सुपर टॅकल नियमपत्रकात आहे. दोन शंका उरल्या. सात गडी असताना बोनस द्यायचा की अडवायचा? आणि तीनच गडी उरले, त्यात अनुभवी कव्हरही बाद असला, तर कसं उभं राहायचं?

डावा_कोपरा_लालबाग

पहिल्या दहा मिनिटांत बोनस द्या. हिशोब करा: बोनस दिला तर एक गुण जातो, पण तुमचे सात सातच राहतात आणि त्यांचा गडीही उठत नाही. अडवायला जाऊन मार खाल्ला तर गुणही गेला, गडीही गेला आणि त्यांचा एक बाद गडी परत आला. फक्त ख ला घोटा दिसला तर त्याने जावं, बाकी कोणी नाही. पाच किंवा कमी गडी असले की बोनस बंद होतो, तेव्हा कोपऱ्यांनी अर्धं पाऊल पुढे यायचं.

तीन गड्यांचं: 8 मीटर रुंदी तिघांना झाकता येत नाही, त्यामुळे तसा प्रयत्नच करू नका. दोन कोपरे आणि मधे एक. मधल्याने चढाईपटूच्या बाजूच्या कोपऱ्याकडे सरकायचं, म्हणजे दोघे एकत्र आणि एक बाजू मोकळी. चढाईपटू मोकळ्या बाजूच्या एकट्याकडे वळला की त्याने पकडीला जायचं नाही, नुसतं मागे सरकून त्याला आत ओढायचं. तोवर मधला मध्यरेषेच्या बाजूने वाट अडवतो, आणि त्याने वाट अडवल्यावरच कोपऱ्याने घोट्याला जायचं. हाक मधल्याची. अनुभवी कव्हर बाद असेल तर हाक क ने द्यावी, कारण हाकेची जबाबदारी असली की त्याची घाई कमी होईल.

प्रत्येक मॅटच्या दिवशी शेवटची पंधरा मिनिटं तीन विरुद्ध एक, आणि तीन गडी दर वेळी वेगळे. ग्रँटरोड यांनी सांगितलेली बाजू बदलण्याची तयारीही त्यातच होईल.

विरारच्या मुलाबद्दल एक गोष्ट राहिली. ख आणि अनुभवी कव्हर दोघेही हजर असतील तेच दिवस जोडीच्या सरावाला ठेवा, मॅट मिळो न मिळो. साडेसहाला मरीन लाइन्सला पोचायचं तर त्याला पाचच्या आत लोकल पकडावी लागते, ती चुकली तर त्या सकाळी जोडीचा सराव होत नाही. शक्य असेल तर मॅटच्या दोन दिवशी सात ते साडेआठ अशी वेळ मागून बघा.

मरीनलाइन्स_मॅट

वेळ बदलून मिळाली, मंगळवार आणि शुक्रवार सात ते साडेआठ. या मंगळवारपासून हात मागे बांधून बचाव सुरू करतो.