सीझन संपला, शेवटचा पगार अडकवलाय

म्हापशेकर: गोव्यात कळंगुटला शॅकवर (किनाऱ्यावरचं सीझनपुरतं हॉटेल) वेटर होतो, मेमध्ये शॅक मोडला नि पात्रांव (मालक) म्हणतो शेवटचा पगार ऑक्टोबरात परत आलास की देतो, फुटलेले ग्लासपण त्यातनंच कापणार. असं चालतं का?

पाटोवाला: अजिबात नाय. वेतन संहिता 2019 हा पगाराचा कायदा, त्यात काढलं किंवा स्वतः सोडलं तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा. पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे अर्ज टाक, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ड्युटी चार्ट प्रिंट काढून ने.

शॅकवाली: पगार दिला की पोरं पुढच्या सीझनला दुसरीकडे पळतात हो, आमचंपण ऐका! पण पोरं परत यावीत म्हणून आपण मालकांनी वर बोनस कबूल करावा ना, कमावलेलं अडकवणं म्हणजे लुबाडणूकच.

म्हापशेकर: नि ग्लास?

पाटोवाला: तुझ्या निष्काळजीपणाने फुटले तरच, तेही आधी तुझं म्हणणं ऐकून.