मदत हवी आहे : दहावीच्या मानवी भूगोलासाठी ऑनलाइन साधने

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला भूगोल शिकवते. भारत आणि ब्राझील यांची तुलना करणारे लोकसंख्या व मानवी वस्ती हे पाठ केवळ फळ्यावर शिकवले, तर मुले आकडे पाठ करतात. मात्र माणसे विशिष्ट ठिकाणीच दाटीने का राहतात, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

वास्तविक उदाहरण आमच्या दारातच आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे शहराच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू ऐकू येते, आणि माझ्या वर्गातील कित्येक मुलांचे आजोबा चादरीच्या कारखान्यात होते. हे स्थलांतर नकाशावर दाखवता यावे, अशी माझी इच्छा आहे.

इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ आणि देशोदेशींची आकडेवारी आलेखांतून दाखवणारे 'गॅपमाइंडर' मी वापरून पाहिले. दुसरे उत्तम आहे, परंतु इंग्रजीमुळे मुले बुजतात. शिवाय भारताची जनगणना २०११ची आणि ब्राझीलची २०२२ची, तेव्हा तुलना करताना वर्षांचा हा फरक कसा समजवावा?

मराठीतून वापरता येणारी, एका प्रोजेक्टरवर चालणारी साधने कोणी वर्गात प्रत्यक्ष वापरली असल्यास कृपया अनुभवासह कळवावे.