भूल उतरण्याची परीक्षा आधी घ्या, ट्यूब टाकण्याची नंतर

भूलथापा:
व्हेट टेक्निशियनच्या (जनावरांच्या डॉक्टरांच्या प्रशिक्षित मदतनिसांच्या) विद्यार्थ्यांना भूल आणि सर्जिकल नर्सिंग शिकवतो, म्हणून हा धागा. प्रात्यक्षिक परीक्षेत आपण काय बघतो? डोसचं गणित, शिरेत कॅथेटर, श्वासनलिकेत ट्यूब टाकणं, मॉनिटरवरचे आकडे वाचणं. शुद्धीवर येणारं जनावर सांभाळणं? वेळ उरलाच तर एक तोंडी प्रश्न. पोरं हुशार असतात, जे विचारलं जातं तेच शिकतात. ट्यूब टाकायला रांग लागते, आणि ट्यूब निघाली की रिकव्हरीच्या पिंजऱ्यापाशी चिटपाखरू नसतं.

आता आकडे बघा. २००८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं होती. भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के. या दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मी कुत्री आणि साठ टक्क्यांच्या आसपास मांजरं ऑपरेशन उरकल्यावर गेली, तीही बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे आपण ‘झालं एकदाचं’ म्हणून हातमोजे काढतो, नेमकं तेव्हा.

माझं म्हणणं सरळ आहे. विद्यार्थ्याच्या हातात लॅरिंगोस्कोप (ट्यूब टाकताना घशात बघायचं उपकरण) नंतर द्या. आधी त्याला शुद्धीवर येणाऱ्या जनावरापाशी बसवा, तेही ते डोकं उचलून छातीवर नीट बसेपर्यंत. त्यात पास झाला तर पुढे.

रबरी_नळी:
साफ असहमत. मृत्यू रिकव्हरीत दिसतो म्हणून तो रिकव्हरीत सुरू होतो असं नाही. ऑपरेशनभर सरासरी रक्तदाब ६० च्या खाली, अंग गार पडत चाललेलं, आणि व्हेपोरायझर (भुलीच्या वायूचं प्रमाण ठरवणारा भाग) मात्र सुरुवातीला लावला तिथेच. अंग गार पडलं की भुलीची गरज कमी होते, म्हणजे तोच आकडा आता जास्त खोल भूल देतोय. हे टेबलावर ज्याला कळत नाही त्याला पिंजऱ्यापाशी बसवून तो काय दिवे लावणार?

शिवाय मशीनचं काय? पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा वायू बाहेर सोडणारी झडप, बंद राहिला तर तीन तास लागत नाहीत, मिनिटांत खेळ खलास. बॅग फुगते, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो, फुप्फुस फाटूही शकतं. गंमत अशी की हा धोका आपण शिकवतो त्या तपासणीतच दडलेला आहे. गळती तपासायची म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीचं टोक अंगठ्यानं दाबायचं, दाब ३० सेंटिमीटर पाण्यापर्यंत चढवायचा आणि काटा दहा सेकंद हलत नाही ना ते बघायचं. इथवर सगळे बरोबर करतात. मग अंगठा उचलतात, हवा सुटते, तपासणी संपली! व्हॉल्व्ह बंदच. म्हणून दाब अंगठा उचलून सोडायचाच नाही, व्हॉल्व्ह उघडूनच सोडायचा. माझ्या हातात असतं तर परीक्षेचा पहिला प्रश्न हा ठेवला असता: मुद्दाम व्हॉल्व्ह बंद केलेलं मशीन समोर ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं.

मांजरपाट:
रबरी_नळी, मुद्दा रास्त, पण मशीनला चेकलिस्ट लावता येते. शुद्धीवर येणाऱ्या मांजराला कशी लावणार?

ट्यूब कधी काढायची एवढंच घ्या. कुत्रा गिळायला लागला की काढतो. मांजरात तेवढं थांबलं तर घसा आवळला जाण्याची भीती. म्हणून कानाच्या आतल्या केसांना बोट लावायचं, कान फडकला की गिळण्याची वाट न बघता ट्यूब बाहेर. पग आणि बुलडॉग याच्या बरोबर उलट. त्यांच्या नरड्यात आधीच जागा कमी, ते ट्यूब घेऊन डोकं वर करून टकामका बघत बसले तरी बसू द्यावं, स्वतः ती चावायला लागेपर्यंत हात लावू नये. तीन जनावरं, तीन वेळा. हे पुस्तकातून येत नाही, बसूनच येतं.

आणि कूस बदलताना आधी ट्यूब मशीनपासून सोडवा हो! जोडलेली ठेवून मांजर फिरवलं की श्वासनलिका फाटू शकते. ट्यूबभोवतीच्या फुग्यात, म्हणजे कफमध्ये, हवाही गळती थांबण्यापुरतीच भरा.

टाके_घालणारा:
सर्जन म्हणून लिहितो. तुमच्या दोघांच्या भांडणात ऑपरेशन थिएटर राहिलंच. शीर्षकात सर्जिकल नर्सिंग नाही, पोस्टमध्ये आहे, आणि प्रतिसादांत तर पत्ताच नाही. जखम बंद करण्याआधी गॉजचे तुकडे कोण मोजणार? पोटात राहिलेला रक्तानं भिजलेला गॉज मला आतड्यांत दिसत नाही, तो मोजणीतच सापडतो. जंतुनाशकानं स्क्रब केलेल्या जागेवर कुणाची बाही लागली तर ‘सर, पुन्हा करा’ असं तोंडावर सांगणारा टेक्निशियन मला हवा. ट्यूब कोणीही टाकेल.

दुसरं, भूलथापा, बसायला माणूस आणायचा कुठून? बहुतेक ठिकाणी भूल बघणारा, पॅक उघडणारा, धावपळ करणारा आणि पुढच्या पेशंटचे केस कापणारा एकच असतो. रिकव्हरीत मॉनिटर लावा, अलार्म ठेवा आणि कामाला लागा.

भूलथापा:
गॉजचं मान्य, त्यावर वाद नाही. अलार्मवर आहे.

तो वाजेल तोवर तुमचा माणूस पुढच्या कुत्र्याचे केस कापत असेल. आधीच ठरलेलं नसेल तर कोण धावणार? पण तुम्ही नकळत माझ्याच बाजूचा मुद्दा दिलात. टेबलावर जनावर जवळजवळ शंभर टक्के ऑक्सिजनवर असतं. श्वास उथळ झाला, कार्बन डायऑक्साइड साठला, तरी पल्स ऑक्सिमीटर (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र) ९९ दाखवत राहतो. तिथे कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) हवा, त्यावर ३५ ते ४५ च्या वर आकडा चढला की कळतं. तोच ऑक्सिमीटर साध्या हवेवर श्वास घेणाऱ्या जनावराला लावा, मग श्वास कमी पडला की आकडा लवकर घसरतो. ९० म्हणजे धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ६० च्या आसपास, तिथून खाली घसरगुंडी. म्हणजे हे यंत्र जिथे जास्त कामाचं, नेमकं तिथून आपण ते काढून पुढच्या पेशंटला लावतो.

मांजरपाट:
वर दिलेल्या अभ्यासातच मांजरांत नाडी आणि ऑक्सिमीटर दोन्ही बघितले गेले तिथे धोका कमी आढळला. बोटांनी नाडी बघायची की यंत्र लावायचं हा वाद तिथेच मिटतो. फक्त डेक्समेडेटोमिडीन (गुंगीचं औषध) दिलं असेल तर बिचकू नका, हिरड्या फिक्या दिसतात, नाडी मंदावते आणि ऑक्सिमीटरला सिग्नल सापडत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला नाडी चाचपा.

शिकाऊ_ड्रेप:
मी विद्यार्थिनी आहे, ताई-दादांनो, भांडण चालू द्या पण दोन गोष्टी सांगा. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या का? आणि शुद्धीवर येताना कुत्रं ओरडतं, हातपाय झाडतं, ते दुखतंय म्हणून की गुंगीत?

मांजरपाट:
बाटली थेट अंगाला नाही म्हणजे नाही. जाग्या जनावराला चटका बसला की ते सरकतं, हे सरकू शकत नाही. गार पडलेल्या कातडीत रक्तही कमी फिरत असतं, त्यामुळे उष्णता वाहून जात नाही आणि भाजतं. गरम हवेचं पांघरूण उत्तम, पाय गुंडाळा, ३७ अंश झाले की गरम करणं थांबवा. पण झोपलंय छान म्हणून गार ठेवू नका. पुढे ते थरथरायला लागतं आणि ऑक्सिजनची गरज नको तेव्हा वाढते.

ओरडण्याचं म्हणाल तर हाक मारा, अंगावर हात ठेवा. गुंगीतलं जनावर आपल्याकडे बघतच नाही, सैरभैर असतं आणि थोड्या मिनिटांत ओसरतं. दुखणारं जखमेजवळ हात गेला की वळून बघतं, आणि त्याचं ओरडणं ओसरत नाही. खात्री नसेल तर दुखतंय असं धरून डॉक्टरांना हाक मारा, ‘बघू थोडा वेळ’ करत बसू नका.

टाके_घालणारा:
तडजोड सुचवतो. भुलीच्या शीटवर दर पाच मिनिटांची नोंद असते, आणि ‘ट्यूब काढली’ लिहिलं की पुढचे रकाने कोरे. ते कोरे ठेवू नका. तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग पुढेही भरा, आणि शेवटच्या ओळीखाली बसणाऱ्याचं नाव. माणूस नाही म्हणालो खरा, पण नाव लिहायची जागा असली की माणूस सापडतो असा माझा अनुभव आहे.

भूलथापा:
चालेल. पुढच्या बॅचची शीट तशीच छापतो आणि परीक्षेत तिलाच गुण ठेवतो.

रबरी_नळी:
छापा खुशाल. पण त्याच शीटवर सगळ्यात वर एक चौकोन माझा: ‘व्हॉल्व्ह उघडा आहे’. आणि त्यावर टिक करणारा जनावर जोडणाराच हवा, सकाळी मशीन तपासून गेलेला नव्हे.