मिथेन आपोआप जातोच, मग त्याच्यामागे एवढं का लागायचं?

उत्सुक_वाचक:
कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं राहतो, मिथेन मात्र साधारण १२ वर्षांत विरून जातो म्हणे. मग त्याच्यामागे हात धुऊन लागायचं कारण काय?

गळतीशोधक:
लवकर जातो म्हणूनच तर! भर घालणं कमी केलं की हवेतला साठा दहा-वीस वर्षांत उतरतो. शिवाय आहे तोवर पृथ्वीची उष्णता अडवण्यात तो भारी पडतो: २० वर्षांच्या हिशोबात किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट, १०० वर्षांच्या हिशोबात साधारण २८ पट. बातम्यांत बहुधा दुसरा आकडा येतो, म्हणून घाई कुणाला जाणवत नाही.

मी गॅस प्लांटवर गळत्या शोधतो. मिथेन दिसत नाही, त्याला स्वतःचा वासही नाही. पण इन्फ्रारेड कॅमेरा लावला की व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी धुरासारखा लोट दिसतो. साबणाचं पाणी मारलं की तिथेच बुडबुडे. कित्येकदा पॅकिंगचे (दांड्याभोवती गळती अडवणाऱ्या भरणीचे) नट जरा आवळले की काम भागतं. खरा घोळ विझलेल्या फ्लेअरचा, म्हणजे नको असलेला गॅस जाळणाऱ्या उंच चिमणीचा. ज्योत गेली की जाळायचा गॅस तसाच वर जातो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, आज धूर नाही! त्यापेक्षा जळालेला परवडला.

उत्सुक_वाचक:
पण सगळे तर गायीम्हशींना दोष देतात.

गळतीशोधक:
वाटा आहेच. माणसामुळे होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ४० टक्के शेती आणि गुरांचा, ३५ टक्के तेल-वायू-कोळशाचा, २० टक्के कचरा नि सांडपाण्याचा. (गुरांचा बहुतेक ढेकरांतून येतो, विनोद उगाच दुसऱ्या टोकाचे होतात.) पण गुरांचं पचन बदलणं वेळखाऊ, नटाला पाना पुरतो, आणि वाचलेला गॅस विकता येतो.

खाचरातला:
भाताचंही सांगा की. पाणी सतत तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि मिथेन करणारे जंतू फोफावतात. उपाय सोपा: भोकं पाडलेली नळी खाचरात रोवायची, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर गेलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्यात मात्र पाणी आटू द्यायचं नाही. मिथेन बराच घटतो, पाणीही वाचतं. नायट्रस ऑक्साइड (खतातल्या नत्रापासून होणारा, हवा तापवणारा दुसरा वायू) थोडा वाढतो, तेवढं खत जपून.

उत्सुक_वाचक:
मग २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ठरलं होतं ना, २०३० पर्यंत मिथेनमध्ये ३० टक्के कपात?

गळतीशोधक:
ठरलं, पण ऐच्छिक. गळती मोजून दाखवायची सक्ती असेल तिथेच साहेब स्वतः विचारतात, "कॅमेरा कधी आणतोस?"