नाल्यातले किडे मोजून काय होते?

वर्धाकाठ
परवा इथं एका भावानं लिहिलं : “विद्यापीठाचे पोट्टे चाळणी घेऊन नाल्यात किडे मोजतात. नाला नासला हे आमच्या म्हशीलेबी समजते.” दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

म्हशीला समजते, मान्य. पण म्हैस कलेक्टरसमोर साक्ष देत नाही.

मी त्या पोरांसोबत एक सकाळ नाल्यात उभा होतो. गावाच्या वर एक दगड उलटा केला. खाली नखाएवढं पिल्लू चिकटलेलं, मागं तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंनी कल्ले फडफडताहेत. मेफ्लाय म्हणतात त्याला. प्राणवायू कमी झाला की आधी जाणाऱ्यांत हे असते. गावाच्या खाली, गटार मिळते तिथं दगड उलटला तर नुसत्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून सडक्या पाण्यातही तगतात. बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतं बोलते. किडा महिनोन्‌महिने तिथंच राहिलेला असतो.

पऱ्हाटीवाला
तो भाऊ म्याच. नाव घ्याले काय झालं होतं?

किडा बोलते, पण कोणासंग? आमच्या नाल्यावर तीन डाव आले. माह्या ओसरीवर चहा पेले, बाटल्या भरल्या, गेले. रिपोर्टचा पत्ता नाही. ज्याची पीएचडी झाली थो आता कुठं मास्तर असन. नाला आहे तसाच.

आर्वीची मास्तरीण
तुम्ही दोघंही अर्धंच बोलता. हे लोक येतात सकाळी अकराच्या एसटीनं. तेव्हा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असते, आकडा झकास निघतो. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेते. मासोळीला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम लागतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचंच मोजमाप आहे. पहाटे पाचला पुलावर उभं राहून पाहा, मासे वर येऊन तोंड उघडतात. पाचची एसटी नाही, म्हणून ते कोणाच्या प्रबंधात नाही.

पवनीचा ढीवर
ताई बरोबर बोलल्या. आमच्याकडं तं संशोधन ढीगभर झालं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमंधी, तिथून वैनगंगेत, अन् गोसीखुर्द धरणात तटलं का थेट आमच्या डोंग्याखाली. जाळं ओढलं तं मासोळीपेक्षा इकॉर्नियाच (जलपर्णी) जास्त. संशोधनानं ना डोंगा हलला ना इकॉर्निया.

धुऱ्यावरचा
सगळे सांडपाण्यावरच अडले. खोलीकरणाचं कोण बोलन? पोकलेन लावून नाला कालव्यासारखा सरळ केला. दगड गेले, रेती गेली, डोह गेले. किडा राहीन कुठं?

पऱ्हाटीवाला
खोलीकरणाले नाव ठेवू नका! पहिले माही विहीर जानेवारीत तळ दाखवे. आता मार्चपावेतो मोटर चालते. तुमचे किडे जगावे म्हून माहा हरभरा वाळू देऊ काय?

धुऱ्यावरचा
तुमची विहीर भरली, माहा काठ खचला. गेल्या पावसात पऱ्हाटीच्या चार ओळी नाल्यात गेल्या, उभ्या बोंडांसकट. अन् खोलीकरणाची रेती कोणाच्या टिप्परमंधी गेली ते सांगू काय?

पऱ्हाटीवाला
सांग ना! अर्धं बोलून पयू नको.

वर्धाकाठ
रेतीघाटाची भांडणं तहसीलीत करा. विषय किड्यांचा होता.

धुऱ्यावरचा
रेतीच त्याईचं घर आहे, मंग विषय कोणता? तुमीच म्हणता दगड उलटा करा. दगड ठेवला कोणी?

आर्वीची मास्तरीण
हे मात्र पटलं. आणखी एक. गेल्या श्रावणात शाळेमागच्या नाल्यात एकजण फवारणीचा पंप धूत होता. पाण्यावर दुधासारखा पांढरा पट्टा पसरला. पाण्यावर पळणारे ते लांब पायांचे किडे होते ना, पट्टा पोचला तसे जागीच थांबले. माझ्या पोरांनी पाहिलं. औषधाची बाटली दुसऱ्या दिवशीही बेशरमच्या झुडपात अडकलेली होती.

पऱ्हाटीवाला
पंप म्याबी धुतो नाल्यात. घरी नळ तीन दिवसांआड येते, धुऊ कुठं? २०१७ ले यवतमाळात फवारता फवारता माणसं मेली, तवा कोण चाळणी घेऊन आलं होतं?

वर्धाकाठ
कोणी नाही. तेवढं खरं. पण पट्टा पसरल्यावर नाल्यात काय उरलं हे त्या चाळणीशिवाय कोण दाखवणार? तुमची म्हैस?

पऱ्हाटीवाला
म्हशीचं नाव काढू नका. बरं, मोजा बाप्पा किडे. दोन अटी. पहाटे पाचले या, अन् जे निघन ते ग्रामसभेत मराठीत वाचा, खोलीकरणाचंबी. चहा तेवढा थर्मासमंधी घेऊन या, माह्या ओसरीवरचा मागच्या तीन डावातच सरला.

आर्वीची मास्तरीण
पाचला येते कोण?

वर्धाकाठ
एसटी नाही. गाडी पाठवाल काय?