शब्दचर्चा : ‘वैवाहिक बलात्कार’

मजकूर तपासून आला तेव्हा ‘वैवाहिक बलात्कार’खाली लाल रेघ होती आणि बाजूला शेरा : ‘वदतोव्याघात. लग्नात संमती गृहीतच असते.’ म्हणजे हा शब्द स्वतःलाच खोडतो, असं म्हणणं. हा जोडशब्द खरंच चुकीचा आहे का?

—

व्युत्पत्तीत तरी अडचण नाही. बलात् म्हणजे बळाने. जुन्या मराठीत ‘बलात्काराने धर्मांतर’ असंही सर्रास लिहीत. करणारा नवरा की परका, हे त्या शब्दात कुठेच नाही.

ते कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आधी बलात्काराची व्याख्या येते. अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं ठरत नाही, हेही तिथेच म्हटलंय. आणि मग अपवाद 2 : पत्नी 18 वर्षांखालील नसेल, तर पतीने केलेली कृती बलात्कार नव्हे. (आधीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा 2017 पर्यंत 15 होती, सर्वोच्च न्यायालयाने वाढवली.) आता बघा, जे व्याख्येत बसतच नाही त्याला अपवाद कशाला करावा लागेल? तुमचा शेरेबहाद्दर इथेच फसला.

कलम 67 तर आणखी मासलेवाईक. विभक्त राहणाऱ्या पत्नीवर संमतीविना संभोग केला तर 2 ते 7 वर्षं शिक्षा, पण ‘बलात्कार’ हा शब्द तिथेही टाळलाय.

—

‘नांदणे’ही यात घ्या. कोर्टाच्या आवारात आजही ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतात. बालवयात लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंवर 1884 मध्ये असाच दावा झाला. 1887 मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. ‘गृहीत संमती’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

—

यावर आक्षेप असा : शब्द ठीक, पण हा गुन्हा ठरवला तर खोट्या तक्रारी येतील. चार भिंतींतलं सिद्ध कसं करणार? 2024 मध्ये केंद्रानेही सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की लग्नात बलात्काराचं कलम लावणं फार कठोर होईल, इतर कायदे आहेत.

—

हुंड्याचा छळही चार भिंतींतच होतो, म्हणून तो गुन्हा नाही असं कोणी म्हणत नाही. पुराव्याची अडचण खरी आहे, पण ती कोर्टाने तपासायची. दारच बंद करायचं कारण ती नव्हे. बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या वर्मा समितीने 2013 मध्येच हा अपवाद काढा म्हणून सांगितलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयात 2022 मध्ये याच अपवादावर दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली.

‘इतर कायदे’ म्हणजे काय, तेही पाहा. बाई सांगते ‘जबरदस्ती करतात’, तक्रारीत उतरतं ‘शारीरिक व मानसिक छळ’. क्रूरतेच्या कलमाखाली जास्तीत जास्त 3 वर्षं. बलात्काराला किमान 10. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, 2005 च्या, ‘लैंगिक अत्याचार’ आहे खरा, पण तिथे मुख्यतः संरक्षणाचा आदेश मिळतो.

लाल रेघ खोडा. मजकूर आहे तसा जाऊ द्या.